रुबिनस्टाईनच्या डावांची वही: जून ते ऑगस्ट

२ जून

काल बुद्धिबळाचा जिंकलेला डाव बरोबरीत सोडला. माझ्याकडे हत्ती आणि चार प्यादी, समोर हत्ती आणि तीन. घड्याळात भरपूर वेळ होता, घाईचं काही कारण नव्हतं. तरी वीसेक खेळ्यांत ते जास्तीचं प्यादं कसं निसटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. या वर्षातली ही तिसरी वेळ.

डावपेचांची कोडी मी रोज सोडवते. दुहेरी मारा, पिन (मोहरा जखडून ठेवणं), उघडा शह, सगळं डोळ्यांना सवयीचं झालंय. पण कोड्याचं उत्तर सापडलं की पट पुसला जातो आणि पुढचं कोडं समोर येतं. खऱ्या डावात पट तसाच राहतो. उरलेल्या मोहऱ्यांनी आणखी चाळीस खेळ्या खेळायच्या असतात, म्हणजे एंडगेम, आणि तो मी कधी शिकलेच नाही.

दर रविवारी ज्या काकांसोबत खेळते त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तुझे अर्धे डाव हत्तींच्या एंडगेममध्ये जातात. मग ज्याने ते सगळ्यांत सुंदर खेळले त्याच्याकडेच जा ना." म्हणजे अकिबा रुबिनस्टाईन.

ठरलं. दहा आठवडे, एकच खेळाडू, मोजके डाव. उरकायची घाई करायची नाही.

४ जून

पद्धत ठरवली. खरा पट मांडायचा, पडद्यावर नाही. डावाच्या खेळ्या पुठ्ठ्याखाली झाकायच्या. रुबिनस्टाईनच्या बाजूची प्रत्येक खेळी आधी स्वतः वहीत लिहायची, एका ओळीत कारणही लिहायचं, मगच पुठ्ठा खाली सरकवायचा. इंजिन (खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) शेवटी, तेही फक्त जिथे माझी आणि त्याची खेळी वेगळी निघेल तिथे. आधी इंजिन लावलं तर डोकं आपोआप बंद होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

माणसाबद्दल थोडं वाचलं. पोलंडमधलं स्टाविस्की हे त्याचं गाव. बुद्धिबळ तो किशोरवयात शिकला, म्हणजे त्या काळच्या मोठ्या खेळाडूंच्या मानाने उशिराच. १९१२ या एका वर्षात पाच स्पर्धा जिंकल्या किंवा पहिला क्रमांक वाटून घेतला. लास्करबरोबर जगज्जेतेपदाची लढत १९१४ मध्ये व्हायची होती, ती महायुद्धामुळे झालीच नाही. १९३० मध्ये हॅम्बुर्गच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये पोलंडने सुवर्णपदक मिळवलं तेव्हा पहिल्या पटावर त्याने १७ डावांत १५ गुण केले, एकही डाव न हरता. दोनच वर्षांनी तो स्पर्धांतून बाहेर पडला. फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) १९५० मध्ये पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले तेव्हा त्या सत्तावीस जणांत त्याचं नाव होतं. तोवर त्याचं स्पर्धेतलं खेळणं थांबून जवळपास दोन दशकं झाली होती.

हे शेवटचं वाचून वही मिटून थोडा वेळ बसून राहिले.

७ जून

पहिला डाव: रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाईन, लॉड्झ, १९०७. रुबिनस्टाईन काळ्याने. हा डाव सगळ्यांना माहीत असतो तो शेवटच्या चार खेळ्यांसाठी. मी आज तिथवर पोचलेच नाही. पंधराव्या खेळीवर अडकले आणि अडकले ते बरं झालं.

पांढऱ्याने पंधराव्या खेळीला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजा सुरक्षित करणं) केल्यावर पट बघा. पांढऱ्याचा वजीर ई२ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), काळ्याचा ई७ वर. उंट बी२ आणि डी३, समोर बी७ आणि डी६. घोडे सी३ आणि एफ३, समोर सी६ आणि एफ६. प्यादीसुद्धा ए३-बी४ आणि ए६-बी५. आरशात बघावं तसं सगळं सारखं. फरक एकच: काळ्याचा हत्ती डी८ वर आलाय, पांढऱ्याचा अजून एफ१ वर आहे, आणि खेळी काळ्याची आहे. डावाची सुरुवात पांढऱ्याने केली होती, म्हणजे एक खेळी त्याची पुढे असायला हवी होती. ती गेली, वर आणखी एक गेली.

गेली कुठे ते शोधलं. वजीर आधी डी२ वर आला, मग ई२ वर. पांढऱ्या घरांवरचा उंट डी३ वर आला, सी४ वर जाऊन प्यादं घेतलं, परत डी३ वर. यातली एकही खेळी वाईट दिसत नाही. मी तर अशा खेळ्या रोज करते.

म्हणजे पुढे जी आतषबाजी झाली तिचा दारूगोळा या दोन खेळ्यांतून आला. आजचं काम एवढंच.

८ जून

आज पुढचा भाग. पंधराव्या खेळीला काळ्याचा घोडा ई५ वर, घोड्यांची अदलाबदल, मग पांढऱ्याने एफ आणि ई प्यादी पुढे ढकलली. एकोणिसाव्या खेळीला ई प्यादं ई५ वर पोचलं आणि त्याच्यामागे पांढऱ्या राजाभोवतीच्या कर्णरेषा मोकळ्या झाल्या. काळ्याने उंट बी६ वर आणून शह दिला, राजा एच१ च्या कोपऱ्यात गेला.

माझे अंदाज: विसावी खेळी, घोडा जी४. बरोबर. एकविसावी, वजीर एच४, एच२ वर मात देण्याची धमकी. हीपण बरोबर. खूश झाले. पांढऱ्याने जी३ खेळून वजिरावर हल्ला केला तेव्हा मी लिहिलं, "बी७ च्या उंटाने ई४ चा उंट घ्यायचा." पुठ्ठा सरकवला: हत्तीने सी३ चा घोडा घेतला. वजीर तसाच मारात सोडून!

रोटलेवीने वजीर घेतला. आता मी पुन्हा लिहिलं, "उंट ई४ वर घेतो." पुन्हा चूक. दुसरा हत्ती डी२ वर, थेट पांढऱ्या वजिराच्या तोंडात.

अर्धा तास पट बघत बसले तेव्हा गाठ सुटली. मी ज्या घराकडे बघत होते त्याच घराकडे तोही बघत होता: ई४. तिथला पांढरा उंट हा बी७ च्या उंटासमोरचा बांध होता, आणि त्याला आधार दोघांचा: सी३ चा घोडा आणि ई२ चा वजीर. पहिला हत्ती घोड्यासाठी गेला. दुसरा हत्ती वजिराला ई२ वरून ओढून नेण्यासाठी गेला. दोन्ही आधार काढल्यावर मगच उंटाने ई४ वर शह देत घेतलं. मी घर ओळखलं होतं, पण त्या घराचे राखणदार मोजले नव्हते.

पंचविसाव्या खेळीला पांढऱ्याचा वजीर जी२ वर आडवा आला, काळ्याचा हत्ती एच३ वर, आणि रोटलेवीने डाव सोडला. एच२ वरची मात थांबत नाही, कारण जी२ चा वजीर एच२ कडे बघतोय खरा, पण ई४ च्या उंटाने त्याला राजाशी जखडून ठेवलंय. जी१ चं घर बी६ च्या उंटाकडे आहे. त्या उंटाने एकोणिसाव्या खेळीत दिलेला शह मी "सहज दिलेला" असं वहीत लिहिलं होतं. खोडलं.

१३ जून

तीन दिवस कोडी सोडवताना नवी सवय लावली: बळीची खेळी शोधण्याआधी मोक्याचं घर लिहायचं आणि त्याचे राखणदार लिहायचे. वेग निम्म्यावर आला. चुका खरंच कमी झाल्या.

१७ जून

रुबिनस्टाईन विरुद्ध लास्कर, सेंट पीटर्सबर्ग, १९०९. समोर त्या वेळचा जगज्जेता. स्पर्धेच्या शेवटी दोघे १८ पैकी साडेचौदा गुणांवर बरोबरीने पहिले आले, पण आपसातला डाव रुबिनस्टाईनने जिंकला. ज्यासाठी प्रकल्प सुरू केला ते सगळं या एका डावात आहे, म्हणून याला तीन आठवडे द्यायचं ठरवलं.

पंधराव्या खेळीनंतर पांढरा एका प्याद्याने वर. पण काळ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केलाय, दोन्ही हत्ती डी आणि ई पट्टीवर, सी६ चा उंट आणि जी५ चा वजीर दोघेही जी२ वर डोळा ठेवून. ई३ च्या घोड्यावर हत्तीचा मारा टांगलेला. मी पांढऱ्याने असते तर बचावाचा विचार सुरू केला असता. वहीत तसंच काहीसं लिहिलंय.

रुबिनस्टाईनने सोळाव्या खेळीला हत्ती सी१ वर आणला. म्हणजे "घे तो घोडा." लास्करने घेतला. मग हत्तीने सी६ चा उंट शह देत घेतला, बी प्याद्याने हत्ती घेतला, आणि अठरावी खेळी: वजीर सी१.

ही खेळी मला सापडली नाही, आणि सापडली असती असंही वाटत नाही. मी एफ प्याद्याने ई३ चा हत्ती घेतला होता. तो तर समोर पडलाय! पण मग काळ्याचा वजीर ई३ वर शह देत घेतो आणि डी४ चं प्यादंही सुटत नाही. वजीर सी१ ही शांत खेळी एकाच वेळी तीन कामं करते. सी६ वर शह देत घेण्याची धमकी. ई३ च्या हत्तीवर दुसरा मारा. आणि तो हत्ती हलला तर त्याच्यामागे जी५ वर काळ्याचा वजीर उघडा. पांढरा त्या क्षणी अख्ख्या हत्तीने मागे आहे, आणि तरी वजिराला एक घर बाजूला सरकवून थांबतो.

लास्करने हत्तीने डी४ घेतलं. एफ प्याद्याने ई३ चा हत्ती घेतला, दुसरा हत्ती डी७ वर परतला, वजिराने सी६ वर शह. मोजलं: दोघांकडे वजीर आणि एक हत्ती, पांढऱ्याची पाच प्यादी, काळ्याची चार.

एवढा गदारोळ झाला आणि हाती आलं एक प्यादं. तेही डावपेच सुरू होण्याआधीच हाती असलेलंच! आधी जरा हिरमुसले. मग लक्षात आलं की काळ्याचे दोन उत्तम मोहरे पटावरून गेले आणि त्याचा राजा उघडा पडला. कोड्यात ही ओळ "एक प्यादं वर" एवढ्यावर संपली असती.

२१ जून

एकविसावी खेळी, हत्ती एफ४. हा माझा अंदाज बरोबर निघाला, कारण आता मी घरं मोजते आहे. वजीर ए८ वर शह देणार, राजा ज्या बाजूला जाईल त्या बाजूला हत्ती ई४ किंवा सी४ वर शह देणार. लास्करने एफ५ खेळून ई४ चं घर राखलं. मग वजीर सी५ वर, आणि एफ५ च्या प्याद्यावर वजीर आणि हत्ती दोघांचा मारा. लास्करने वजिरांची अदलाबदल केली, एफ५ चं प्यादं गेलं, बदल्यात हत्तीने शह देत देत बी२ चं प्यादं परत मिळवलं.

आता उरलं: पांढरा हत्ती, प्यादी ए२, ई३, जी२, एच२. काळा हत्ती, प्यादी ए७, जी७, एच७. चाराला तीन. माझा १ जूनचा डाव, जवळपास तसाच.

पुठ्ठा इथेच ठेवला.

२३ जून

काका काळ्याने, मी पांढऱ्याने, वरच्याच स्थितीपासून. तीन डाव. पहिला बरोबरीत, दुसरा बरोबरीत, तिसऱ्यात मी जवळजवळ हरले होते.

तिन्ही वेळा एकच घडलं. मी ताबडतोब ई प्यादं पळवायला सुरुवात केली, काकांचा राजा त्याच्यासमोर येऊन बसला, आणि त्यांचा हत्ती मागून शह देत राहिला.

मग पुठ्ठा सरकवला. सत्ताविसाव्या खेळीला हत्ती ए५, ए७ च्या प्याद्यावर मारा. काळ्याचा हत्ती बी७ वर येऊन राखतो. अठ्ठाविसावी: हत्ती ए६.

बस. एक घर पुढे. प्याद्यावर मारा आधी होता तसाच आहे. काका म्हणाले, "आता माझा राजा कुठे जाऊ शकत नाही ते सांग." सहाव्या ओळीवर. हत्ती ए६ वर उभा राहून अख्खी सहावी ओळ बंद करतो. काळा राजा सातव्या-आठव्या ओळीतच फिरणार, आणि काळा हत्ती सातव्या ओळीला बांधलेला, कारण तो हलला की ए७ पडतं. एका खेळीने दोघेही अडकले. आणि रुबिनस्टाईनच्या प्याद्यांनी अजून पाऊलही टाकलेलं नाही.

माझ्या तिन्ही डावांत मी प्यादं आधी ढकललं आणि अडवणूक नंतर करायला गेले. क्रम उलटा होता.

३० जून

याच स्थितीवर काकांबरोबर आणखी चार डाव, आता हत्ती ए६ पासून पुढे. दोन जिंकले. एकात मी ए७ च्या मोहात हत्ती सहाव्या ओळीवरून हलवला आणि काकांचा राजा ई६ वर येऊन बसला. एकात प्यादी विस्कळीत पुढे नेली.

मग खरा डाव बघितला. ई४, एच४, जी४, राजा एफ४, एच५. सगळं सावकाश. लास्करने एच६ खेळून एच प्यादं थांबवलं, पण तसं करताना जी६ चं घर कायमचं सोडलं, कारण आता तिथे राखायला प्यादं उरलं नाही. पांढरा राजा एफ५ वर, मग ई प्यादं ई५ वर. काळा नुसता बघत राहतो. त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नाही, आणि तरी प्रत्येक वेळी काहीतरी खेळावंच लागतं.

७ जुलै

शेवटच्या पाच खेळ्यांवर पूर्ण आठवडा गेला. छत्तीसपासून: हत्ती डी६, परत ए६, परत डी६, मग सी६. वरवर बघता हत्ती येरझाऱ्या घालतोय. आणि मग चाळिसावी खेळी, ए३. लास्करने डाव सोडला.

पटावर सगळं मांडून बसले. पांढरा राजा एफ५, हत्ती सी६, प्यादी ए३, ई५, जी४, एच५. काळा राजा एफ७, हत्ती बी७, प्यादी ए७, जी७, एच६. खेळी काळ्याची. जगज्जेत्याने इथे डाव का सोडला ते स्वतःला पटेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं.

हत्ती डी७ वर गेला तर ई६ चं प्यादं राजा आणि हत्ती दोघांवर एकदम. हत्ती ई७ वर गेला तर ई६ शह, राजा जी८, पांढरा राजा जी६, काळा हत्ती ई८ वर, आणि मग ई७. ते प्यादं हत्तीने घेतलं तर हत्ती सी८ वर शह, आडवा आलेला हत्ती खाऊन मात. नाही घेतलं तर हत्ती डी६ वरून डी८ वर. काळ्याने सातवी ओळ सोडली तर हत्ती सी७ वर शह आणि राजा जी६ वर. काळा राजा मागे सरकला तरी पांढरा राजा जी६ वर येतोच. जी प्याद्याने शह दिला तर एच प्याद्याने घ्यायचं, आणखी एक वर. ए६ खेळलं तर हत्तीने ते फुकट घ्यायचं.

राहिलं ए५. आणि इथे मला ए३ चं खरं मोल कळलं. काळ्याने ए५ खेळलं की पांढरा ए४ खेळतो, आणि खेळी पुन्हा काळ्याची. झुगझ्वांग (जी खेळी करावी ती नुकसानीचीच, अशी कोंडी) तसाच. रुबिनस्टाईनने चाळिसाव्या खेळीला एकदम ए४ खेळलं असतं तर काळ्याने ए५ उत्तर दिलं असतं आणि खेळी पांढऱ्यावर आली असती. तेवढ्याने विजय हातचा गेला असता असं मी म्हणत नाही, पण नेमका ज्या क्षणी काळ्याला गुदमरायचं होतं त्याच क्षणी त्याला श्वास मिळाला असता. ए२ चं प्यादं चाळीस खेळ्या जागेवर होतं, म्हणून त्याच्याकडे एक छोटी आणि एक शिलकी खेळी होती.

माझ्या जुन्या डावांच्या नोंदी काढून पाहिल्या. हत्तींच्या एंडगेममध्ये कडेचं प्यादं मी जवळजवळ दर वेळी पहिल्या दहा खेळ्यांतच पुढे ढकललेलं आहे. काही सुचलं नाही की तेच ढकलायचं, अशी सवय.

१५ जुलै

कोन विरुद्ध रुबिनस्टाईन, पुन्हा सेंट पीटर्सबर्ग १९०९, रुबिनस्टाईन काळ्याने. हत्तींची अदलाबदल होऊन नुसते राजे आणि प्यादी उरतात. प्यादी संख्येने सारखी. पांढऱ्याची दोन एफ पट्टीवर एकामागे एक, आणि एच२ चं एकटं. पांढऱ्याने हत्ती खाऊन राजा सी१ वर आणलाय.

मी लिहिलं, "राजा मध्यावर आणायचा." पुस्तकी नियम. त्याने राजा एफ६, जी५, एच४, एच३ असा पटाच्या कडेला नेला. चार खेळ्या.

पांढरा राजाही धावला: डी२, ई२, एफ१, जी१. चारच खेळ्या. एच२ वाचवायला तो अगदी वेळेवर पोचला, आणि पोचला तो अडकलाच. आता त्याला जी१ आणि एच१ ही दोनच घरं. त्यानंतर काळ्याने एकेक प्यादं ओळीने पुढे आणलं: ई५, बी५, एफ५, जी५, एच५, जी४. तिकडे राजा जी१, एच१, जी१, एच१. ते खेळून बघताना हात जड होतो. शेवटी जी३ वर प्याद्यांची अदलाबदल झाली आणि पांढऱ्याने डाव सोडला, कारण जी३ वर घेतलं की काळा राजा तिथून एफ३ वर जाऊन ई४ चं प्यादं गिळतो.

मला यात सगळ्यांत मोठी गोष्ट वाटली ती अदलाबदलीच्या आधीची. हत्ती काढायचे की नाही हे ठरवताना त्याने राजाची वाट एच३ पर्यंत मोजलेली असणार. नाहीतर कोणी राजाला असं कडेला घेऊन जात नाही.

२० जुलै

आज स्पर्धेत हरले. लिहायला जड जातंय, पण वही त्यासाठीच आहे.

हत्तींचा एंडगेम, प्यादी सारखी, माझी रचना चांगली. मला कोनचा डाव आठवला आणि मी हत्ती काढून टाकले. राजा पळवला, समोरच्या प्याद्यासमोर जाऊन उभी राहिले. आणि मग समोरच्याने कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. त्याच्याकडे एक शिलकी खेळी होती, माझ्याकडे नव्हती, कारण मी माझी आठ खेळ्यांपूर्वी उगाच खर्च केली होती. मला राजा हलवावा लागला आणि तिथून सगळं कोसळलं.

७ जुलैची नोंद मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ती वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कोनच्या डावातला राजा मी उचलला, लास्करच्या डावातलं प्यादं विसरले.

काका फोनवर म्हणाले, "अगं, हरलीस ते योग्य कारणासाठी हरलीस. महिन्याभरापूर्वी तुला कारणच सापडलं नसतं."

२ ऑगस्ट

दहा दिवस नवा डाव घेतला नाही. जुनेच पुन्हा मांडले, पण उलटे. शेवटची स्थिती आधी मांडायची आणि ती कुठून आली ते मागे मागे शोधत जायचं. लास्करच्या डावात ए३ पासून मागे गेलं की हत्ती ए६ लागतो, त्याच्या मागे एफ५ चं प्यादं, त्याच्या मागे हत्ती एफ४, त्याच्या मागे वजीर सी१. मला जूनमध्ये वाटलं होतं की यात एक डावपेचांचा भाग आहे आणि एक एंडगेमचा, आणि मध्ये कुठेतरी सांधा आहे. सांधा शोधायला गेले तर सापडत नाही. वजीर सी१ मध्ये जे आहे, काही न मारता समोरच्याची वाट बंद करणं, तेच हत्ती ए६ मध्ये आहे आणि तेच ए३ मध्ये. पटावर मोहरे कमी झाले एवढंच.

म्हणून कोड्यांच्या वहीत आता आणखी एक रकाना आहे: "उरलेला पट". उत्तर सापडलं की शेवटची स्थिती काढायची आणि पुढच्या तीन खेळ्यांत कोणाचा राजा कुठे जाऊ शकत नाही ते लिहायचं. दिवसाला पाचच कोडी होतात. पुरेशी आहेत.

९ ऑगस्ट

रविवारचा डाव, काकांबरोबर, घड्याळ लावून. पस्तिसाव्या खेळीला हत्ती आणि चार विरुद्ध हत्ती आणि तीन. हा योग मी आणला नव्हता, आपोआप जुळून आला. पहिल्यांदा हत्ती प्याद्यासमोर नेऊन काकांचा हत्ती बांधला, मग ओळ बंद केली. कडेचं प्यादं हाताने उचललं होतं, परत ठेवलं नाही (उचललेलं खेळावंच लागतं), म्हणून ते एकच घर पुढे टाकलं, दोन नाही. बावन्नाव्या खेळीला काकांना राजा मागे न्यावा लागला. साठाव्याला त्यांनी हात पुढे केला.

इंजिन लावून पाहिलं. सेहेचाळिसाव्या खेळीला मी एक सोपा विजय सोडला होता आणि काकांनी अठ्ठेचाळिसाव्याला बरोबरी सोडली होती. दोन्ही जागा वहीत लाल शाईने.

पुढचा डाव: स्पीलमन विरुद्ध रुबिनस्टाईन, तीच स्पर्धा. हत्तींचा लांबलचक एंडगेम, पांढऱ्याची ए आणि डी प्यादी एकाकी, काळ्याची एकमेकांना धरून. काकांचं म्हणणं, यावेळी मी हरणारी बाजू घ्यावी आणि ती किती वेळ तग धरते ते बघावं. पट मांडून ठेवलाय, पुठ्ठा काकांच्या बाजूला.